उल्काच्या पानातला मासा

उल्काला जाऊन उद्या तिथीने वर्ष होणार होतं. तिच्या पानात वाढायला मासा मी स्वतः पकडून आणणार, असं मी तिच्या आईला कबूल केलं होतं. मी जन्मात मासा खाल्लेला नाही. पकडण्याचा तर प्रश्नच नव्हता.

शनिवारी सकाळी सात वाजता आम्ही जर्मनीतल्या रेगेन्सबर्गहून निघालो. मी गाडी चालवत होतो, शेजारी सासूबाई. त्यांचं नाव सरिता, वय शहात्तर, राहणार देवगड. मी त्यांना आई म्हणतो. त्या मला अहो श्यामराव म्हणतात, रागावल्या की नुसतं अहो. मांडीवर स्टीलचा डबा, साडीखाली माझ्या मुलीचे, ईप्सिताचे, जुने पांढरे स्पोर्ट्स शूज. मागच्या सीटवर उल्काची मासेमारीची काठी, जाळी आणि तिची माश्यांची डबी. या माश्या खोट्या असतात. गळाला पीस आणि दोरा गुंडाळून केलेल्या. या प्रकारात गळाला गांडूळ वगैरे लावत नाहीत. खोटी माशी पाण्यावर अशी अलगद टाकायची की खालच्या माशाला ती खरी वाटली पाहिजे.

"मासा इतका बावळट असतो?" आईंनी विचारलं.

"उल्का म्हणायची, बावळट नसतो, भुकेला असतो."

"भुकेले तर तुम्हीपण असायचात. तुम्ही नाही कधी फसलात तिच्या सुरमईला."

पुण्याला आमच्या घरात अंडंसुद्धा येत नसे. उल्का देवगडची, दोन्ही वेळा मासे खाऊन वाढलेली. चिंचवडला एका कंपनीत आमची ओळख झाली. लग्न ठरताना मी एकच अट घातली होती. बाहेर काय हवं ते खा, आपल्या स्वयंपाकघरात मासा नको. ती लगेच हो म्हणाली. मला तेव्हा ती अट फार मोठी वाटली नव्हती.

पुढे मी इथल्या गाड्यांच्या कारखान्यात नोकरीला लागलो आणि आम्ही जर्मनीत आलो. त्यालाही आता एकोणीस वर्षं झाली. उल्काने बाल्कनीत एक विजेची शेगडी ठेवली होती. मासा आणला की ती जॅकेट, टोपी घालून बाहेर उभी राहून तळायची. जानेवारीतसुद्धा. वास आत येऊ नये म्हणून मी काचेचं दार लावून घ्यायचो. आत बसून मी तिच्याकडे बघायचो. ती मजेत असायची. मधेच हात हलवायची. मीपण आतून हलवायचो.

सात वर्षांपूर्वी तिने मासेमारीची परीक्षा दिली. इथे परीक्षा दिल्याशिवाय गळ टाकता येत नाही. मग मे ते सप्टेंबर, महिन्यातून दोन-तीन शनिवार ती एकटी लाबर नदीवर जायची. संध्याकाळी उन्हाने लाल होऊन परत यायची, आणि बहुतेक वेळा हात हलवत. मी दार उघडतानाच विचारायचो, "काय, आज मासे उरलाउबवर?" म्हणजे सुट्टीवर. ती खूप हसायची. मला वाटायचं, हिला काही पकडता येत नाही, पण हौस आहे, जाऊ दे.

ती गेल्यावर नोव्हेंबरमध्ये आईंचा फोन आला. म्हणाल्या, "वर्षश्राद्धाला मी तिथे येते. विधी तुम्ही आणि ईप्सिता करा, गुरुजी काय ते ऑनलाइन सांगतील. पण संध्याकाळी तिचं पान मी वाढणार. आमच्याकडे माणसाला आवडायचं ते वाढतात. तिच्या पानात मासा पाहिजे. आणि फ्रीजरमधला नको."

"मी आणतो तिच्या नदीतून," मी म्हणालो. बोलून गेलो.

मग परीक्षेला बसलो. एकूण हजारभर प्रश्न असतात, त्यातले साठ येतात. आम्ही इंजिनिअरिंगला जसा अभ्यास केला तसाच मी केला. सगळे हजार प्रश्न एक्सेलमध्ये घातले आणि रोज चाळीस पाठ केले. वर्गातली बाकीची मंडळी लहानपणापासून आजोबांबरोबर नदीवर गेलेली. त्यांना पन्नास-बावन्न मिळाले. मला साठपैकी साठ. शिकवणाऱ्यांनी सगळ्यांसमोर विचारलं, "तुम्ही कोणत्या पाण्यावर मासे मारता?" मी म्हणालो, "अजून कुठल्याच नाही." वर्ग पाच मिनिटं हसत होता.

प्रात्यक्षिकात मासा मारायचा कसा ते दाखवतात. आधी डोळ्यांच्या वर डोक्यावर दांडूचा फटका, मग लगेच हृदयात सुरी. प्रत्येकाला दुकानातून आणलेला एक मासा दिला होता. मेलेला मासा मी नियमाप्रमाणे पुन्हा मारला आणि पास झालो.

हे मी आईंना फोनवर सांगितलं होतं. त्यांनी ते सगळ्या देवगडला सांगितलं असणार.

लाबरकाठच्या गावात शिरल्यावर पुलाजवळ एक गास्टहोफ आहे. म्हणजे खाली जेवणाची खानावळ, वर दोन-चार खोल्या. नदीवर मासे पकडायचा एका दिवसाचा परवाना तिथेच मिळतो. मालकीणबाईंचं नाव फ्राऊ त्सिर्नगिबल. सत्तरीच्या, उंच, कमरेला निळं एप्रन. त्यांनी माझं लायसन्स बघितलं, आडनाव वाचलं आणि मान वर केली.

"उल्काचा नवरा?"

"हो."

"गेल्या वर्षी आली नाही. मला वाटलं, तुम्ही परत इंडियाला गेलात."

मला ते सांगावं लागलं. एका वर्षात मी ते वाक्य जर्मनमध्ये पुष्कळदा बोललो आहे. बँकेत, विमा कंपनीत, घरमालकाला. तिथे ते नीट येतं. इथे आलं नाही. पण त्यांना कळलं. त्या काउंटरच्या बाहेर आल्या, माझा हात धरला आणि बराच वेळ सोडला नाही. मग आईंकडे वळल्या. "ही तिची आई," मी म्हणालो. त्यांनी आईंना खुर्ची दिली आणि स्वतःही बसल्या.

थोड्या वेळाने त्या उठून एक फाइल घेऊन आल्या. परवाना संध्याकाळी परत द्यायचा असतो, आणि किती मासे पकडले, किती लांबीचे, किती वाजता, ते त्यावर लिहून द्यायचं असतं. नदीत मासे किती उरले याचा हिशोब त्यावरून लागतो. फ्राऊ त्सिर्नगिबलनी उल्काची कार्डं काढून माझ्यापुढे ठेवली. तिचं अक्षर. दोन ट्राउट. दोन ट्राउट. एक ट्राउट. दोन ट्राउट. जवळजवळ प्रत्येक शनिवारी.

"पण ती तर घरी काही आणायची नाही," मी म्हणालो.

"घरी कशाला? मला द्यायची. मी लोण्यात परतायचे. त्या कोपऱ्यातल्या टेबलावर आम्ही दोघी बसून खायचो. म्हणायची, नवऱ्याला वास आवडत नाही." मग माझा चेहरा बघून त्या घाईने म्हणाल्या, "रागाने नाही हो. हसून सांगायची."

"काय म्हणते ती?" आईंनी विचारलं.

मी सांगितलं. आईंनी पदर सारखा केला.

"मला ठाऊक होतं."

"तुम्हाला?"

"शनिवारी रात्री फोन यायचा ना तिचा. आज दोन मिळाले, आज एकच. तुम्ही दारात काय म्हणायचात तेपण सांगायची. ते सुट्टीवरचं."

"मग मला कधी बोलला नाहीत."

"तिने नाही सांगितलं तर मी कशाला सांगू? नवरा-बायकोच्या मधे सासूने पडू नये, एवढं कळतं मला."

मी त्या कोपऱ्यातल्या टेबलाकडे बघितलं. साधं लाकडी टेबल, दोन खुर्च्या, वर मिठाची डबी.

"आई," मी म्हणालो, "उद्या मासा आत होईल. आपल्या स्वयंपाकघरात, मोठ्या गॅसवर."

"आधी मिळू दे," आई म्हणाल्या.

फ्राऊ त्सिर्नगिबलनी मला नियम वाचून दाखवले. ट्राउट तीस सेंटिमीटरच्या वर असला तर घ्यायचा, खाली असला तर सोडायचा. दोनच्या वर नाही. एशे नावाचा मासा लागला तर तो कितीही मोठा असो, सोडायचा, या पाण्यात तो कमी राहिला आहे. आणि मापात बसलेला ट्राउट सोडायचा नाही. मजेसाठी पकडायचं आणि सोडायचं, हे त्यांना चालत नाही. ते मला प्रश्न क्रमांकासकट पाठ होतं, पण मी ऐकून घेतलं.

"आत्ता पाणी गार आहे," त्या म्हणाल्या. "बारापर्यंत मासे वर येणार नाहीत. तोवर वर माळावर जाऊन या. उल्का जायची."

माळावर अर्ध्यापर्यंत गाडी जाते, पुढे पायवाट. आईंचा गुडघा दुखतो म्हणून आम्ही हळूहळू चढलो. खाली नदीकाठी सगळं हिरवंगार, आणि वर आलं की एकदम कोरडं. पांढरे दगड, बोटभर उंचीचं वाळकं गवत, मधे मधे जुनिपरची काळपट झुडपं, लांब मेंढ्यांचा एक कळप. झाड नाही, ओढा नाही. इथल्या दगडात पाऊस थांबतच नाही. तो खाली झिरपतो आणि डोंगराच्या पायथ्याशी झऱ्यातून बाहेर येतो. लाबरचं पाणी त्यातलंच. हे मी आईंना समजावून सांगत होतो.

"आल्झो, म्हणजे बघा, वर पडलेला पाऊस..."

"अहो, थांबा जरा," आई म्हणाल्या. त्या कमरेवर हात ठेवून उभ्या राहिल्या होत्या. "हा तर सडा!"

"काय?"

"सडा हो, सडा! आमच्या घराच्या वरचा कातळाचा माळ. तिथे कातळ काळा, इथे पांढरा, एवढंच. वर उन्हाने भाजून निघालेलं आणि खाली बावीत पाणी. मला काय शिकवता तुम्ही दगडातनं पाणी कसं जातं ते?"

लग्नानंतर पहिल्यांदा देवगडला गेलो तेव्हा उल्का मला त्या सड्यावर घेऊन गेली होती. एप्रिल महिना होता. इथे बघण्यासारखं काय आहे, असं मी तिला विचारल्याचं आठवतं. ती म्हणाली होती, काही नाही, म्हणूनच आणलं.

आम्ही एका खडकावर बसलो. आईंनी डबा उघडला. आंबोळ्या आणि लसणाची चटणी. समोर, दरीच्या पलीकडे, एका पडक्या किल्ल्याचा बुरूज दिसत होता. आईंनी विचारलं, किती जुना? मला माहीत नव्हतं. मी आठशे वर्षं म्हणून टाकलं. त्या म्हणाल्या, विजयदुर्ग बघा एकदा नीट, मग सांगा. खाताखाता त्यांनी पायाशी पडलेला एक दगड उचलला. त्यात गोगलगाईसारखं गोल गोल काहीतरी होतं. पूर्वी इथे समुद्र होता, त्यातला तो प्राणी.

"हा घेते मी."

"आई, इथून दगड न्यायचा नसतो. नियम आहे."

"दगडालापण नियम? श्यामराव, तुम्ही या देशात जन्माला यायचे ते चुकून पुण्यात आलात." पण त्यांनी तो दगड होता तिथेच, त्याच बाजूने ठेवला. हात झटकले. मग म्हणाल्या, "मला वाटायचं, माझी पोरगी परक्या मुलखात एकटी फिरते. इथे तर ती घराच्या मागेच फिरत होती की."

मी आंबोळीचा तुकडा हातात धरून बसलो होतो. आता बोलावं असं वाटलं.

"आई, मासा लागेल कदाचित. पण मला तो मारता येईल असं वाटत नाही."

"मारायला मी आहे ना. साठ वर्षं मासे कापतेय."

"ज्याच्याकडे लायसन्स आहे त्यानेच मारायचा असतो."

"तुमच्या लायसन्सला सांगा, सासू आहे म्हणून."

साडेबाराला आम्ही नदीवर आलो. उल्का नेहमी उभी राहायची ती जागा फ्राऊ त्सिर्नगिबलनी सांगितली होती. पाणी गुडघाभर, तळातले दगड दिसत होते. आईंसाठी मी घडीची खुर्ची मांडली. पाण्यावरून खऱ्या माश्या उडत होत्या, आणि मधेच कुठेतरी गोल तरंग उठत होता. तिथे मासा.

मी दोन महिने घराजवळच्या हिरवळीवर, गळाच्या जागी लोकरीचा तुकडा बांधून, दोरी फेकायचा सराव केला होता. हिरवळीवर मागे झाड नसतं. इथे पहिल्याच फेकीला माशी मागच्या फांदीत अडकली. दुसरी माझ्या टोपीत. तिसरी पुन्हा फांदीत.

"झाडावर काय मासे आहेत का हो?" आई म्हणाल्या.

मी नवी माशी बांधायला बसलो, तर त्यांनी डबी मागून घेतली. चष्मा लावला. एकेक माशी बोटाने उलटीपालटी करून बघितली.

"हे हिरवं, चमकतंय ते काय?"

"मोरपीस."

"कुठलं मोरपीस?"

"आपल्या देवघरातलं. तुम्ही दिलेलं. आता नुसती काडी राहिली आहे तिथे."

"कृष्णापुढचं पीस उपटून गळाला लावलं?" त्यांनी डबी बंद केली, पुन्हा उघडली, आणि मग त्यांना जे हसू आलं ते आवरेना. खुर्ची हलायला लागली. "आणि मी तिला विचारतेय फोनवर, पीस टवटवीत आहे ना गं? तर म्हणते, हो आई, रोज बघते त्याच्याकडे!"

मीही हसलो. मग मोरपिसाचीच माशी बांधली.

दोनच्या सुमाराला पहिला मासा लागला. काठी एकदम वाकली. मी पाठ केलेलं सगळं विसरलो आणि नुसताच मागे मागे चालत गेलो. कसाबसा तो जाळीत आला. चाळीसेक सेंटिमीटरचा, चंदेरी, पाठीवर पंख्यासारखा मोठा पर. एशे. मी जाळी पाण्यात बुडवून गळ काढला आणि तो गेला.

"अहो!" आई उभ्याच राहिल्या. "सोडलात? अहो, सगळ्यांना पुरला असता तो!"

"तो चालत नाही, आई. कार्डावर आहे."

"बघतंय कोण?"

"उल्काने सोडला असता."

"हो, सोडला असता. तीपण तुमच्यासारखीच झाली होती." त्या पुटपुटत बसल्या.

पुढचा ट्राउट होता. मापपट्टीवर धरला तर सत्तावीस. तोही सोडला. आईंनी कपाळाला हात लावला. मग दीड तास काही नाही. ऊन उतरायला लागलं. उद्याचा दिवस श्राद्धाचा आणि मंगळवारी आईंचं विमान. आजच काय ते. मी घड्याळ बघायचं बंद केलं.

चार वाजून गेल्यावर, पलीकडच्या काठालगत एक तरंग उठला. मी माशी टाकली. फार चांगली नाही पडली, पण पडली. पाणी जरासं फुगलं आणि माशी नाहीशी झाली. या वेळी मी मागे पळालो नाही. दोरी हळूहळू घेतली, त्याला ओढू दिलं, पुन्हा घेतली. जाळीत आला तेव्हा बघितलं. अंगावर लाल ठिपके. मापपट्टीवर चौतीस.

"हा बसतो," मी म्हणालो.

"मग?"

मी गुडघ्यावर बसलो. जाळी पाण्यात, मासा जाळीत. दांडू हातात घेतला. माशाचे कल्ले उघडत होते, मिटत होते. मी दांडू वर केला आणि तसाच थांबलो.

"सरका," आई म्हणाल्या. त्या शूजसकट चिखलात येऊन माझ्याशेजारी बसल्या. माझ्या हातातून दांडू घेतला. दुसरा हात पाण्यात घालून मासा धरला. मासा फडफडला, आणि त्यांनी चटका बसल्यासारखा हात मागे घेतला.

"हा बघतोय हो."

"आई?"

"मी जिवंत मासा कधी हातात घेतलेला नाही."

"साठ वर्षं कापताय ना?"

"मेलेला कापते! कोळीण आणते तो मेलेलाच असतो. मी फक्त डोळे बघते, ताजा आहे का." त्यांनी दांडू माझ्या हातात परत दिला. मग त्या अगदी हळू म्हणाल्या, "सोडा हवं तर. मी काही म्हणायची नाही. तिला बटाट्याची भाजीपण आवडायची."

नियम काय आहे ते मला माहीत होतं. मासा ताटकळत ठेवायचा नाही, विनाविलंब मारायचा. पण त्या घडीला नियमाचं काही वाटलं नाही. सोडला असता तर कोणी बघणार नव्हतं, आणि आईंनी तर मला मोकळंच केलं होतं.

मला त्या कार्डांवरचं अक्षर दिसत होतं. दोन ट्राउट, दोन ट्राउट. म्हणजे दर वेळी ती इथे अशीच बसली असणार. तिलाही कोणी शिकवलं नव्हतं. तीही कोळिणीकडचेच मासे खाऊन वाढली होती. पहिल्या वेळी तिनेही असाच हात मागे घेतला असेल. तेव्हा तिच्याशेजारी कोणी नव्हतं. आणि घरी येऊन ते सांगावं, असा नवरा दारात उभा नव्हता. तो विनोद करत होता.

मी हात ओला केला. मासा डोक्यामागे घट्ट धरला. डोळ्यांच्या वर दोन फटके मारले. मासा ताठ झाला. मग सुरी घेतली आणि जिथे शिकवलं होतं तिथे घातली. सगळं मिळून चार सेकंदही लागले नसतील. रक्त निघालं, ते पाण्याबरोबर गेलं.

आईंनी माझ्या पाठीवर हात ठेवला. मग मी कार्ड काढून लिहिलं. ट्राउट, चौतीस सेंटिमीटर, सोळा वाजून बावीस मिनिटं.

"आता आणा," आई म्हणाल्या. "आता माझं काम."

त्यांनी पदर खोचला. सपाट दगड शोधला, सुरी पाण्यात धुतली. शेपटीकडून डोक्याकडे खरवडत खवले काढले, पोट फाडलं, आतलं सगळं एका ओढीत बाहेर काढलं. हात कुठे अडखळला नाही. मला वाटलं होतं, मला बघवणार नाही. मी बघत होतो. मग त्यांनी सुरीच्या टोकाने माशाची पोटाची पिशवी चिरली. आत काळ्या माश्यांचा गच्च गोळा होता, आणि दोन-तीन बारीक गोगलगाई.

"पोटभर जेवलेला होता हो," आई म्हणाल्या. "बरं झालं."

मी एकदम बोललो. का ते सांगता येणार नाही.

"उल्काला शेवटचे सहा आठवडे काही गेलं नाही, आई. पाणीसुद्धा चमच्याने."

त्यांचे हात थांबले.

"तुम्ही तर फोनवर सांगायचात पेज घेते म्हणून. मी विचारायची, मीठ घातलंत का? तुम्ही म्हणायचात, घातलं."

"तिने सांगायला लावलं होतं. आईला व्हिसा मिळत नाहीये, ती तिथे बसून काय करणार, तिला हे सांगू नको, म्हणाली. मी रोज खोटं बोललो."

आई पाण्यात हात बुडवून बसल्या. पलीकडे एक सायकलवाला गेला, त्याने आम्हाला हात केला. मी केला. मला वाटलं, आता त्या उठून गाडीकडे जातील आणि मंगळवारपर्यंत माझ्याशी बोलणार नाहीत. ते मला मान्य होतं.

"माशाचं मी लपवलं," अखेर त्या म्हणाल्या, "आणि पेजेचं तुम्ही. दोघांनाही कामाला लावून गेली बघा." डोळे पुसायला हात वर नेला, पण हाताला माशाचं रक्त होतं. मग मीच माझ्या रुमालाने त्यांचे डोळे पुसले. सव्वीस वर्षांच्या संसारात मी त्यांना वाकून नमस्कार केला असेल, कधी हात लावला नव्हता.

"बरं केलंत," त्या म्हणाल्या. "मला तेव्हा सोसलं नसतं. आता सांगितलंत तेही बरं केलंत."

त्यांनी मासा पुन्हा स्वच्छ धुतला. पिशवीतून हळद-मिठाची पुडी काढली, माशाला आतून-बाहेरून चोळली आणि त्याच दगडावर सुरीने खुणा करून दाखवायला लागल्या.

"हे मधले दोन तुकडे तिच्या पानात. डोकं मला. ईप्सिता म्युनिकहून भुकेली येईल, तिला हा. आणि हा शेपटीकडचा राहिला." त्यांनी माझ्याकडे बघितलं नाही. सुरी पुसत म्हणाल्या, "शेपटीकडे काटे कमी असतात."

"किती कमी?" मी विचारलं.